नदीकाठच्या सातशे नावांबद्दल: सिनसिनाटीच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

ओहायो नदीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या मराठी मंडळींना,

सप्रेम जयभीम आणि नमस्कार.

मी इथली रहिवासी नाही. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेली आई आहे, आणि ही माझी दुसरी खेप. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाले तरी सवय गेलेली नाही. नव्या गावात पाऊल टाकलं की आधी तिथलं जुनं काय आहे ते विचारते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला घरी जेवायला बोलावलंत, थंडीत माझं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरकडे नेलंत, नातवाच्या बारशाला पाळणा बांधायला आलात. म्हणून हे पत्र परक्या बाईचं समजू नका.

गेल्या वर्षी गणपतीचे कार्यक्रम ठरवायला बैठक झाली, तेव्हा मी दहा मिनिटं मागितली होती. मला मुलांना ब्लॅक ब्रिगेडची गोष्ट सांगायची होती. १८६२ च्या सप्टेंबरात, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेची राज्यं यांच्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, याच शहरातल्या सुमारे ७०० कृष्णवर्णीय माणसांची एक पलटण उभी राहिली आणि तीन आठवड्यांच्या आत विसर्जितही झाली. बैठकीतल्या एका गृहस्थांनी मला आदरानंच विचारलं, “काकू, विषय चांगला आहे, पण आपला त्याच्याशी काय संबंध?” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. म्हणून तर तो प्रश्न मनातून जाईना. मला तेव्हा उत्तर जमलं नाही. घरी येऊन वर्षभर वाचलं, विचार केला, आणि आता उत्तर लिहिते आहे.

आधी गोष्ट सांगते.

ऑगस्ट १८६२ च्या अखेरीस कर्बी स्मिथ या दक्षिणेच्या सेनापतीनं केंटकीतल्या रिचमंडजवळ उत्तरेच्या फौजेचा धुव्वा उडवला. मागोमाग लेक्सिंग्टन पडलं, मग राजधानी फ्रँकफर्ट. हेन्री हेथ नावाचा त्याचा सरदार काही हजार सैन्य घेऊन सिनसिनाटीच्या रोखानं निघाला. शहर तेव्हा एक लाख साठ हजार वस्तीचं, व्यापारानं गजबजलेलं, आणि रक्षणाला जवळजवळ काहीच नाही. मध्ये फक्त नदी. पलीकडे कव्हिंग्टन आणि न्यूपोर्ट, म्हणजे केंटकी. हे राज्य उत्तरेच्या बाजूनं राहिलेलं, पण तिथे गुलामगिरी कायद्यानं चालू होती. तुम्ही रोज गाडीनं जी नदी पाच मिनिटांत ओलांडता, ती त्या काळी माणूस आणि मालमत्ता यांच्यामधली रेघ होती. या काठावर माणूस स्वतंत्र, त्या काठावर विक्रीची वस्तू.

२ सप्टेंबरला उत्तरेच्या जनरल ल्यू वॉलेसनं शहरात लष्करी कायदा पुकारला. दुकानं, कारखाने सगळं बंद. नागरिकांनी कष्ट करायचे आणि सैनिकांनी लढायचं, असा त्याचा हुकूम होता. रोबलिंगचा झुलता पूल, ज्यावर तुम्ही पाहुण्यांना फोटो काढायला नेता, तो तेव्हा अर्धवट होता. बुरूजही पुरे झालेले नव्हते, रस्ता तर नव्हताच. म्हणून कोळशाच्या तराफ्यांना तराफे जोडून दीड दिवसाच्या आत नदीवर पूल टाकला गेला. त्यावरून हजारो माणसं फावडी-कुदळी घेऊन केंटकीच्या टेकड्यांवर मोर्चे बांधायला गेली. गव्हर्नर डेव्हिड टॉडनं साऱ्या ओहायोला हाक दिली आणि खेड्यापाड्यांतून शेतकरी आपापल्या जुन्या बंदुका खांद्यावर टाकून आले. जंगलात खारी टिपणारी ही माणसं, म्हणून त्यांना ‘स्क्विरल हंटर्स’ म्हटलं गेलं. १५,७६६ जण आले असा आकडा नोंदला गेला आहे.

महापौरांच्या जाहीरनाम्यात प्रत्येक पुरुषानं हजर व्हावं असं लिहिलं होतं. एका कृष्णवर्णीय नागरिकानं पोलिसाला विचारलं, यात आम्हीही आलो का? त्याला शिवी देऊन सांगण्यात आलं, की तुम्ही यात नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, गुमान घरी बसा.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दीड वर्षापूर्वी, १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा इथले कृष्णवर्णीय लोक शहराच्या रक्षणासाठी स्वतःची तुकडी उभारायला एका शाळेत जमले होते. पोलिसांनी शाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि बजावलं, हे गोऱ्यांचं युद्ध आहे, तुम्ही यापासून लांब राहा. ज्याच्या दारावर भरतीसाठी अमेरिकेचा झेंडा लावला होता, त्याला तो उतरवायला लावला. आणि १८६२ च्या जुलैत, या प्रसंगाच्या जेमतेम दोन महिने आधी, धक्क्यावरच्या कामावरून दंगल होऊन कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ले झाले होते. शहरात त्यांची एकूण लोकसंख्या साडेतीन हजारांच्या थोडी वर. बायका-मुलं, म्हातारेकोतारे धरून.

मग आक्रीत घडलं. ज्यांना घरी बसा म्हणून सांगितलं, त्यांच्याच घरांवर दुसऱ्या दिवशी बंदुकीला संगिनी लावून पोलीस चालून गेले. माळे धुंडाळले, तळघरं धुंडाळली, कपाटं उघडली, गाद्यांमध्ये संगिनी खुपसून पाहिल्या. तरुण-म्हातारा, धडधाकट-आजारी असा काही भेद केला नाही. जो हाती लागला त्याला ओढत नेऊन प्लम स्ट्रीटवरच्या खेचरांच्या गोठ्यात कोंडलं, आणि तिथून पुलावरून पलीकडे केंटकीतल्या फोर्ट मिचेल या तटबंदीकडे नेलं.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसले होते. त्या माणसांतले पुष्कळ जण कधीतरी याच नदीच्या त्या काठावरून पळून आलेले असणार, किंवा त्यांचे आईबाप आलेले असणार. त्यांना संगिनीच्या टोकावर नदीपार नेलं, गुलामीच्या राज्यात, हातात कागद नाही, परत यायची शाश्वती नाही. कशासाठी नेतो आहोत हे त्यांना सांगायची कुणाला गरज वाटली नाही. मागे राहिलेल्या बायकांनाही नाही. शहर वाचवायचं होतं, आणि त्यासाठी याच शहरातली माणसं जनावरांसारखी हाकलली गेली.

आमच्याकडे याला एक शब्द आहे. वेठ.

माझे आजोबा गावचे येसकर होते. चावडीवरून बोलावणं आलं, की भर पावसात, मध्यरात्री, घरात कुणी तापानं फणफणलेलं असलं तरी निघायचं. सरकारी अंमलदाराचं ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवायचं, मयताचा सांगावा घेऊन दहा-दहा कोस पळायचं. मोबदल्यात दारोदार फिरून भाकरी आणि खळ्यावरचं बलुतं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात पिढीजात चाकरीच्या या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. प्रत्यक्षात हलकी गावकामगार वतनं कायद्यानं बंद व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. माझा जन्म त्यानंतरचा. मी ती वेठ पाहिली नाही, पण आजोबांना पाहिलं आहे. बाहेर कुणी मोठ्यानं हाक मारली की जेवणाच्या ताटावरून ते उभे राहायचे. म्हातारपणीसुद्धा. सवय सुटली नव्हती.

तर माझ्यासाठी संबंध इथून सुरू होतो. पण तिथे संपत नाही, आणि मला तुम्हाला जे खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे.

४ सप्टेंबरच्या ‘सिनसिनाटी गॅझेट’नं या प्रकारावर टीका केली आणि कृष्णवर्णीय सहसैनिकांना सभ्यपणानं वागवा असं लिहिलं. त्याच दिवशी वॉलेसनं विल्यम डिक्सन नावाच्या माणसाकडे या लोकांचं काम सोपवलं. डिक्सन पेशानं वकील, न्यायाधीश राहिलेला. त्याची बायको लिंकनच्या बायकोची नात्यातली. तो फोर्ट मिचेलला गेला. वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये पाणके-आचारी म्हणून विखुरलेली आपली माणसं त्यानं शोधून गोळा केली. सुमारे ४०० होती. त्यांना त्यानं नदीपार परत आणलं आणि सांगितलं, घरी जा. बायकामुलांना भेटा, आवराआवर करा, आणि उद्या सकाळी पाच वाजता या.

मुलांना वर्गात हे सांगायची वेळ आली असती, तर मी इथे थांबले असते आणि विचारलं असतं, काय झालं असेल सांगा. ज्यांना गोठ्यात कोंडून नदीपार नेलं होतं, त्यांना मोकळं सोडलंय. पहारा नाही. नाही आलं तर पकडायला येईल असं कुणी म्हटलेलं नाही. अशांतले किती परत येतील?

पहाटे पाच वाजता सुमारे ७०० माणसं हजर होती. सोडली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त.

वेठ आणि सेवा यांच्यातलं अंतर किती असतं, हे आम्ही शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला सांगायचा प्रयत्न करतो आणि ते मुलांच्या डोक्यावरून जातं. इथे ते एका रात्रीत दिसतं. काम तेच, फावडं तेच, डोंगरही तोच. फक्त आधी ओढून नेलं होतं, नंतर विचारलं.

पाच तारखेला ते निघाले तेव्हा त्यांच्या हाती अमेरिकेचा झेंडा होता आणि त्यावर ‘ब्लॅक ब्रिगेड ऑफ सिनसिनाटी’ असं लिहिलेलं होतं. दीड वर्षापूर्वी दारावरून उतरवायला लावला होता, तोच झेंडा. उत्तरेच्या राज्यांमध्ये युद्धकार्यासाठी कृष्णवर्णीयांची पलटण म्हणून संघटित झालेली ही पहिली तुकडी मानली जाते. त्यांना बंदुका मात्र दिल्या नाहीत. कुऱ्हाडी, कुदळी आणि फावडी. न्यूपोर्टच्या मागच्या अलेक्झांड्रिया रस्त्यापासून लिकिंग नदीपर्यंतच्या पट्ट्यात त्यांनी काम केलं, आणि बराच काळ ते आपल्या फौजेच्या रांगेच्याही पुढे होते. त्यांच्या आणि शत्रूच्या मध्ये फक्त घोडेस्वारांची गस्त. निःशस्त्र माणसं, पुढे शत्रू, आणि पकडलं गेलं तर युद्धकैदी नव्हे, सरळ गुलाम. तरी एकजण पळून गेला असं क्लार्कनं कुठे लिहिलेलं नाही. (क्लार्क कोण ते पुढे सांगते.)

मैलोन् मैल लष्करी रस्ते, मैलोन् मैल खंदक, दारूगोळ्याची कोठारं, मोर्चे, आणि तोफांना समोरचं रान मोकळं मिळावं म्हणून शेकडो एकर जंगलाची तोड, एवढं काम तीन आठवड्यांत झालं. पहिल्या आठवड्यात मजुरी नाही. दुसऱ्यात दिवसाला एक डॉलर, तिसऱ्यात दीड. जोसेफ जॉन्स नावाचा एकजण तोडलेल्या झाडाखाली सापडून गेला. या पलटणीचा तो एकमेव मृत्यू.

हेथचे सैनिक १० आणि ११ सप्टेंबरला फोर्ट मिचेलजवळ येऊन चकमकी करून पाहून गेले. समोरची तटबंदी बघून ११ च्या रात्री त्यांनी माघार घेतली. शहर न लढता वाचलं. न झालेल्या लढाईची आठवण लोक ठेवत नाहीत, असा माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे. पुस्तकात पानिपत असतं. ज्या तटामुळे शत्रू परत फिरला तो तट बांधणाऱ्या बेलदारांचं आणि पाथरवटांचं नाव नसतं. आपल्याकडे तीनशेच्या वर किल्ले. सुट्टीत गडावर जाता, मुलांना बुरूज दाखवता. तो दगड वर कुणी नेला?

२० सप्टेंबरला पलटण परत आली आणि विसर्जित झाली. माणसांनी आपसांत पैसे जमवून डिक्सनला तलवार भेट दिली. मार्शल जोन्स नावाच्या सहकाऱ्यानं सर्वांच्या वतीनं ती दिली. डिक्सननं निरोपाच्या भाषणात त्यांना सांगितलं, की नदीपलीकडच्या त्या टेकड्या तुमच्या कष्टाचं कायमचं स्मारक राहतील. आणि बरोबर दोनच दिवसांनी, २२ सप्टेंबर १८६२ रोजी, लिंकननं गुलाममुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. पण तो बंडखोर राज्यांपुरता होता. केंटकीला लागू नव्हता. ज्या टेकड्या या माणसांनी राखल्या, तिथली गुलामगिरी उठायला १८६५ चा डिसेंबर उजाडला.

आता पीटर क्लार्क. तो या शहरातला कृष्णवर्णीय शिक्षक होता, पुढे शाळेचा मुख्याध्यापक झाला. १८६४ मध्ये त्यानं या पलटणीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. वर मी जे काही सांगितलं त्यातलं बहुतेक तिच्यातून आलेलं आहे. बंदुकांवाल्या स्क्विरल हंटर्सना ओहायोच्या विधिमंडळानं १८६३ मध्ये रीतसर सन्मानपत्रं देण्याचं ठरवलं, आणि १९०८ मध्ये हयात असलेल्यांना १३ डॉलर देण्याचा ठरावही झाला. त्यांचा मान त्यांना मिळाला यात मला आनंदच आहे. गरीब शेतकरी माणसं, घरदार सोडून आली होती. ब्लॅक ब्रिगेडच्या माणसांसाठी मात्र एका मास्तरानं पुस्तिकेच्या शेवटी त्यांच्या नावांची यादी छापून ठेवली. हजेरीपटासारखी. मी शिक्षिका, मला ती यादी बघून काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. ज्यांना नाव नव्हे, ‘ए’ म्हणून हाक मारली जायची, त्यांची नाव-आडनावानिशी यादी. आज स्मेल रिव्हरफ्रंट पार्कमध्ये, रोबलिंग पुलाच्या जवळच, जे स्मारक आहे, २०१२ मध्ये पलटणीला दीडशे वर्षं झाली तेव्हा उभारलेलं, तिथे ती नावं कोरलेली आहेत. तुम्ही त्या बागेत जाता. मुलं तिथल्या कारंज्यात भिजतात. मीही नातवाला घेऊन पहिल्या खेपेला तिथून चार वेळा गेले होते आणि ब्राँझचे पुतळे पाहून ‘कुणीतरी मोठे लोक असतील’ म्हणून पुढे सरकले होते. पाचव्या वेळी वाचलं.

त्या नावांतलं एक सांगते. पाउहॅटन बीटी. १८३७ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला, लहानपणी सिनसिनाटीत आला, सुतारकाम शिकला, नाटकाचं वेड लागलं. ब्लॅक ब्रिगेडमध्ये त्यानं फावडं चालवलं. कृष्णवर्णीयांना अखेर खऱ्याखुऱ्या सैन्यात घ्यायला सुरुवात झाल्यावर १८६३ च्या जूनमध्ये तो भरती झाला. २९ सप्टेंबर १८६४ ला व्हर्जिनियात चॅफिन्स फार्मच्या लढाईत त्याच्या कंपनीचे सगळे अधिकारी मेले किंवा जायबंदी झाले, निशाणधारी पडला. बीटी गोळीबारात सुमारे ६०० यार्ड मागे धावत गेला, निशाण परत आणलं, उरलेल्या कंपनीची सूत्रं हाती घेतली आणि तिला पुन्हा चढाईवर नेलं. त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. युद्ध संपल्यावर तो परत सिनसिनाटीत आला, सुतारकी केली, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत कामं केली. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या हाती बंदूक द्यायला शहर तयार नव्हतं, तो हा माणूस. यादवी युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक झाले होते.

हे वाचलं आणि मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. आजोबांचे थोरले भाऊ १९१७ साली पलटणीत गेले होते. महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली होती. स्वतः सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, इतरांनी केल्या, काही उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा ‘१११ महार’ ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज संपली, आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही. थोरले आजोबा गणवेश घालून गेले आणि परत येऊन येसकरीला लागले. त्यांच्या पायातले बूट घरच्यांनी जपून ठेवले होते. मी लहान असताना ते माळ्यावर होते, उंदरांनी खाल्लेले. गावात ते बूट घालून फिरायची त्यांना कधी मुभा मिळाली नाही. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल यावं लागलं, बाबासाहेबांचे प्रयत्न लागले.

अल्पजीवी पलटणी अशा असतात. गरज असेपर्यंत माणूस, गरज सरल्यावर पुन्हा होता तिथे. पण एकदा ज्यानं रांगेत उभं राहून आपलं नाव ऐकलं आणि ‘हजर’ म्हटलं, तो आतून पूर्वीचा राहत नाही, हे मी घरात पाहिलेलं आहे. थोरल्या आजोबांनी आपल्या मुलाला शाळेत घातलं. त्या मुलानं माझ्या वडिलांना घातलं. वडिलांनी मला.

आता जोतीरावांकडे येते, कारण ‘आपला काय संबंध’ या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी त्यांनीच देऊन ठेवलं आहे. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना मुक्त करण्याच्या कामात या लोकांनी औदार्य आणि निरपेक्षता दाखवली, त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, अशी इच्छा त्यांनी तिथे लिहिली. पुण्यात बसून, यादवी युद्ध संपल्याला अवघी आठ वर्षं झालेली असताना, एका मराठी माणसानं आपलं पुस्तक तुमच्या आजच्या देशाच्या नावानं छापलं. तुम्ही त्या देशात राहता. मग हे पुस्तक ज्यांना अर्पण केलं त्यांच्यातली निदान सातशे नावं तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर दगडात कोरलेली आहेत, हे तुमच्या मुलांना ठाऊक नको?

कुणी म्हणेल, जोतीरावांच्या मनात मुक्त करणारे गोरे होते, मुक्त होणारे नव्हते. मी ती अर्पणपत्रिका पुष्कळदा वाचली आहे आणि मला तसं वाटत नाही. निरपेक्षता हा शब्द घ्या. पहिल्या आठवड्यात एक पैसा न घेता, हाती शस्त्र नसताना, आपल्याला गोठ्यात कोंडणाऱ्या शहरासाठी खंदक खणणाऱ्यांची निरपेक्षता कुणाहून कमी? सदाचारी लोकांची यादी करायची झाली तर मी डिक्सनचं नाव जरूर घालीन. त्यानं माणसांना माणसासारखं विचारलं. पण पहाटे पाच वाजता आलेले ते सातशे आधी लिहीन.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलते, आई म्हणून बोलते. आपण इथे आलो ते शिकून, विमानानं, चांगल्या नोकरीवर. ज्या हक्कांच्या बळावर आपली मुलं इथल्या शाळेत ताठ मानेनं बसतात, ते हक्क आपण येण्याआधी कुणीतरी लढून मिळवलेले आहेत. तरी आपल्या बैठकांतून कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल जे बोललं जातं, कुठल्या वस्तीत घर घेऊ नये, कुठल्या शाळेत घालू नये, ते ऐकून मला माझं गाव आठवतं. आमच्याही वस्तीबद्दल असंच बोललं जायचं. रागावून लिहीत नाही. तुमच्या घरी जेवलेली आहे, म्हणूनच लिहिण्याचा हक्क समजते.

मागणं मोठं नाही. रविवारच्या मराठी शाळेत या पलटणीवर एक धडा घ्यावा. मी तो लिहून ठेवला आहे, सोप्या मराठीत, १२ पानी, पाचवी ते आठवीच्या मुलांना समजेल असा. आधी गोष्ट, मग नकाशा, मग प्रश्न. पुलापासून फोर्ट मिचेलपर्यंतचा नकाशा माझ्या जावयानं काढून दिला आहे. त्या काळच्या तटबंदीतला तोफांचा एक मोर्चा, बॅटरी हूपर, केंटकीतल्या फोर्ट राइट गावात अजून शिल्लक आहे, त्याची खूणही नकाशावर केली आहे. शिकवायला मी येईन. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे आहे. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिकाही मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे, म्हणजे मोठ्या मुलांना ती मूळ मराठीत वाचता येईल.

आणि दुसरं. यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतात, आणि २० सप्टेंबर, पलटण परत आली तो दिवस, रविवारी येतो. तुमचा कार्यक्रम दुपारी असतो हे मला माहीत आहे. मी त्या दिवशी सकाळी सात वाजता स्मेल पार्कमधल्या स्मारकाशी असेन. पाच वाजता म्हणणार होते, पण लहान मुलांना उठवणं जमणार नाही असं लेक म्हणाली. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे आणीन. मुलांना घेऊन या. नावं इंग्रजीत कोरलेली आहेत, माझा उच्चार चुकतो. मुलं ती नीट वाचतील. एकेकानं दहा-दहा वाचली तर तासाभरात होईल. मी शेजारी उभी राहून ‘हजर’ म्हणत जाईन.

तुमची,
लेकीकडे आलेली एक निवृत्त शिक्षिका